६०० ग्रॅमची कुऱ्हाड आणि ओलं लाकूड

स्टॉकहोम झालं, उप्साला झालं, फोटो फेसबुकवर आहेत. लिहायला बसलोय ते ग्रेन्सफोर्शसाठी. स्टॉकहोमहून ई-४ रस्त्यानं उत्तरेला, हुदिक्सवाल ओलांडून पुढे. या खेड्यात १९०२ पासून कुऱ्हाडी घडवतात. शेजारी कुऱ्हाडींचं संग्रहालयही आहे, ते बायकोनं दहा मिनिटांत उरकलं.

दुकानात माझा हात आधी छोटीकडेच गेला. दांडा ३४ सेंटीमीटर, वजन ६०० ग्रॅम. सह्याद्रीत फिरताना पाठीवरचं ओझं कमी करायला टूथब्रशची दांडीसुद्धा कापणारे आम्ही, आणखी काय होणार! पात्यावर घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं, ठोक्यांचे वळ तसेच, ना रंग ना पॉलिश. शेजारची ५० सेंटीमीटरच्या आसपास, वजन किलोच्या जवळपास. मेहुणा म्हणाला, "दाजी, थांबा. माझ्याकडे दोन्ही आहेत. आज रात्री चालवा, उद्या घ्या."

मुक्काम तळ्याकाठच्या निवाऱ्यात. तीन भिंती, वर छप्पर, पुढची बाजू उघडी. कुणीही यावं, राहावं. स्वीडनमध्ये रानात तंबू ठोकायला सहसा कुणी हटकत नाही, पण उभ्या झाडाची फांदी तोडायची नाही, बर्चची सालसुद्धा सोलायची नाही. कडक उन्हाळ्यात शेकोटीबंदीही लागते. त्या दिवशी तो प्रश्नच नव्हता, दुपारपासून पाऊस आणि डासांचे थवे. डासांबद्दल कुणीच आधी सांगत नाही, याचा राग अजून आहे.

पाइनचे ओंडके बाहेरून चिंब. छोटी वर उचलून हाणली की पातं गाठीत रुतायचं, आणि दांडा इतका आखूड की घाव निसटला तर थेट नडगी. मेहुणा गुडघ्यावर बसला. असं बसलं की चुकलेला घाव जमिनीत जातो. मग त्यानं हाणणंच बंद केलं. पात्याची धार ओंडक्याच्या कडेवर टेकवली, कुऱ्हाड आणि ओंडका दोन्ही एकत्र धरून ठोकळ्यावर आपटले. टक्. पुन्हा टक्. ओंडका उभा चिरला आणि आत पिवळसर, ठणठणीत कोरडं लाकूड, राळेचा वास. त्याच्या बारीक ढलप्या काढून पेटवल्या तेव्हा कुठे चहा झाला. मोठीला ही कसरत लागलीच नाही. ती नुसती पडू द्यायची, बाकी तिचं वजन बघून घेतं.

यूट्यूबवर कुऱ्हाडीनं हातावरचे केस भादरून दाखवणाऱ्यांनी एकदा ओला पाइन फोडून दाखवावा. धार घरी लावता येते, दांड्याची लांबी नाही वाढवता येत. दांडा हिकरीचा, म्हणजे चिवट लाकडाचा, असला तरी बुडाकडून बघून घ्यावा: लाकडाच्या रेषा पात्याला समांतर हव्यात, आडव्या असल्या की तडकतो. आडवं कापायला घडीची करवत बरी, हलकी आणि निमूट. पाठीवर सगळं वाहायचं असेल तर करवतीसोबत छोटी पुरते. गाडी जवळ असेल तर मोठीच.

हरिश्चंद्रगडावर यातलं काहीच नको. अभयारण्य आहे, तिथे शेकोटी पेटवूच नये. मी तरीही छोटीच घेतली, गावाकडच्या बंबाला ढलप्या करायला. धारेवर चामड्याचं म्यान चढवून चेक-इन बॅगेत टाकली, हँड लगेजमध्ये चालत नाही. किंमत कळल्यापासून बायको आपल्या भावाशी बोलत नाहीये.