जादू किती लपवायची? आजच्या काळातली फँटसी रचतानाचा माझा अनुभव

कादंबरी सिंधुदुर्गात घडते, काळ आजचा आणि जादू एकच: चकवा. पायाखालच्या वाटेवर माणूस रात्रभर गोल गोल फिरतो. उजाडल्यावर त्याला कळतं, की आपण घरापासून हाकेच्या अंतरावर होतो. पहिल्या खर्ड्यात ही जादू जगापासून पूर्ण लपलेली होती. ती लपवायला एक गुप्त संघटना होती आणि ती साक्षीदारांच्या आठवणी पुसायची. तिसऱ्या प्रकरणापर्यंत येताना हे सगळं कोसळलं, ते साध्या गणितामुळे.

संघटनेत २०० माणसं धरली होती. प्रत्येकानं दर पाच वर्षांत विश्वासातल्या एकालाच सांगितलं आणि त्यानंही पुढे तेच केलं, तर आकडा दर पाच वर्षांनी दुप्पट होतो. पन्नास वर्षांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे २,०४,८००. मेलेली माणसं वजा केली तरी हे गुपित राहत नाही. शिवाय संघटना म्हटली की पगार, गाड्या, पोलिसांतली माणसं आली आणि चकव्याची गोष्ट त्या खात्याची होऊन बसली. मी संघटना काढून टाकली. जाणकार उरले सात, सगळे एकाच वाडीतले.

मग वहीत चार रकाने आखले: घटना, कोणी पाहिली, मागे काय उरलं, लोक त्याचं काय कारण सांगतील. खर्ड्यातला प्रत्येक चकवा यातून काढला. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडला नाही.

सगळ्यात छळलं ते तिसऱ्या रकान्यानं. पूर्वी चकव्यामागे काटे रुतलेले पाय तेवढे उरत. आता खिशात फोन असतो. लोकेशनची नोंद चालू असेल तर रात्रभराच्या फेऱ्या नकाशावर उमटतात. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजलेली असतात. नाक्यावरच्या दुकानात यूपीआयनं पैसे दिल्याची वेळही असते. यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ‘तिथे फोन बंद पडतो’. तो करू नका. एकदा फोन बंद पडला तर बॅटरी संपली म्हणता येतं. त्याच जागी चौथ्यांदा पडला की तोच पुरावा ठरतो, कारण कुणीतरी मुद्दाम दोन फोन घेऊन जाऊन बघणारच.

म्हणून मी फोन चालू ठेवला आणि फेऱ्या उमटू दिल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल आणि दूरची खूण नसेल, तर माणसं नकळत गोल फिरतात, हे २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जंगलात आणि सहारा वाळवंटात जीपीएस लावून दाखवलं आहे. पावसाळ्यात धुकं उतरलेल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, नेमकी हीच स्थिती असते. चकव्याला लपायला इतकी चांगली जागा मला रचून सापडली नसती. मग नियम केला: चकवा फक्त ढगाळ रात्री, एकट्या माणसाला, वर्षाला जास्तीत जास्त तीनदा, आणि एकाच वाटेवर लागोपाठ कधीच नाही.

चौथा रकाना भरताना दोन खऱ्या घटना उपयोगी पडल्या. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, की पृष्ठताण आणि केशाकर्षणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते आणि पालिका पिऊ नका म्हणून सांगत होती. दोन्ही वेळा काहीच लपलेलं नव्हतं. हजारो साक्षीदार होते, तरी काही दिवसांत ज्यानं त्यानं आपलं मत पक्कं केलं आणि तो कामाला लागला. खोट्या चमत्कारांची इतकी गर्दी असलेल्या समाजात खऱ्या जादूला पडदा लागत नाही. ती त्या गर्दीतच हरवते. परदेशी फँटसीतून उचललेलं ‘सामान्य लोकांना काहीच ठाऊक नाही’ हे गृहीतक आपल्याकडे म्हणूनच उसनं वाटतं; गावात चकवा सगळ्यांना ठाऊक असतो.

पण इथेच मला सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. या राज्यात बसून ‘जादू खरी आहे’ असं जग रचताना भोंदूच्या हातात कोलीत देणं मला मान्य नाही. त्या कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्यातूनच माझ्या सात जाणकारांचा नियम निघाला: पैसा घ्यायचा नाही, दाखवायचं नाही, कुणाला भीती घालायची नाही. चकवा मागून लागतही नाही, त्यामुळे चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला बक्षीस देण्याचं आव्हान कुणी का जिंकलं नाही, याचंही उत्तर मिळालं.

शेवटची चाचणी म्हणून प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न लावला: अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) हुशार कार्यकर्तीला इथे सात दिवस दिले तर तिला काय सापडेल? ती मूर्ख ठरल्याशिवाय गुपित टिकत नसेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहायचं. नवव्या प्रकरणात तिला तीन वर्षांच्या नकाशांत नऊ फेऱ्या सापडल्या, नऊही डाव्या हाताला वळलेल्या. तिथे मी काहीच पुसलं नाही.