आजींनी गोळ्या बंद केल्या होत्या

दाढ काढायची म्हणून आजी आदल्या रात्रीपासून उपाशी होत्या. शुगरची गोळी मात्र सकाळी नेमाने घेतली होती. आणि हृदयासाठीच्या दोन्ही गोळ्या पाच दिवसांपासून बंद होत्या. यातलं काहीही त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मी विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं होतं ते सगळ्यात शेवटी.

बडोद्यात दांडिया बझारात माझं दातांचं क्लिनिक आहे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीचा आठवडा म्हणजे घरोघरी चिक्की, आणि त्या दिवसांत तुटलेल्या दाढा, निसटलेल्या कॅप घेऊन लोक येतातच. आजींची खालची डावीकडची पहिली दाढ जुन्या मोठ्या फिलिंगवर कशीबशी तग धरून होती. शेंगदाण्याच्या चिक्कीने ती मधोमध उभी चिरली. एक्स-रेत दोन्ही मुळांच्या मधल्या फाट्यापर्यंत चीर गेलेली दिसत होती, एका मुळाच्या टोकाशी काळपट सावली होती आणि बाहेरून हिरडी फुगून आली होती. अशी उभी चिरलेली दाढ रूट कॅनल करून, वर कॅप घालूनही वाचत नाही. ती काढावीच लागते.

"आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"काही फार नाही गं. शुगरची एक, बीपीची एक."

सून शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आणि हार्टच्या दोन, त्या नाही सांगितल्यात?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या सध्या बंद केल्यात. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या माजी म्हणाल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असलं आणि दाढ काढली, की रक्त थांबतच नाही. त्यांच्या दिराचं तसंच झालं होतं. म्हटलं, उगाच तुम्हाला सगळ्यांना त्रास नको."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी आजींना हार्ट अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट घातले होते. पर्समधून तिने पट्ट्या काढून दाखवल्या: अ‍ॅस्पिरिन 75 मिलिग्रॅम आणि क्लोपिडोग्रेल 75 मिलिग्रॅम.

ही समजूत मी इतक्या घरांतून ऐकते की त्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. शरीराचं स्वतःचं अस्तर तिच्यावर नीट चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी, तिला चिकटू पाहतात. त्यांनी तसं चिकटू नये म्हणून या दोन गोळ्या असतात. पहिल्या वर्षात त्या अचानक बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. दाढेच्या खड्ड्यातून येणारं रक्त मला दिसतं. तिथे माझं बोट पोचतं, दाब देता येतो, टाका घालता येतो. गोळ्या चालू असताना ते थांबायला वेळ जास्त लागतो, पण थांबतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत झालेल्या गुठळीपाशी दातांच्या डॉक्टरचा हात पोचत नाही. म्हणून या गोळ्या बंद करायच्या की नाही, हे ठरवायचं त्या ज्यांनी लिहून दिल्या त्यांनीच. शेजारणीने नाही, औषधांच्या दुकानदाराने नाही, आणि एकट्या दातांच्या डॉक्टरनेही नाही. रक्त पातळ करणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या गोळ्या, म्हणजे वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी त्यांची आयएनआर तपासणी दाढ काढण्याच्या एक-दोन दिवस आधी करून, आकडा बघून मगच ठरवावं लागतं.

हे बोलणं चालू असतानाच आजींच्या कपाळावर घाम दिसला. आमच्या असिस्टंट ताईंनी हात धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, बाना हाथ ठंडा छे." म्हणजे आजींचे हात गार पडलेत. शुगर बघितली तर 64, फारच उतरलेली. पोटात काही नाही आणि वर शुगरची गोळी, मग दुसरं काय होणार? ग्लुकोजचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग बिस्किटं आणि दूध दिलं. पूर्ण भूल देऊन करायच्या ऑपरेशनला उपाशी यावं लागतं. दाढ काढताना भूल फक्त त्या जागेपुरती असते. तिथे नेहमीसारखं पोटभर खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊनच यायचं असतं.

आजी सावरल्यावर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी छातीत दुखतंय का, धाप लागतेय का ते विचारलं. मग म्हणाले, "दोन्ही गोळ्या आत्ताच्या आत्ता द्या, आणि इथून सरळ ईसीजीला पाठवा. साधं काम असतं तर वर्ष होईपर्यंत थांबा म्हटलं असतं. पण पू झालाय, तेव्हा दाढ काढा. गोळ्या चालू ठेवून काढा."

त्या दिवशी मी दाढ काढली नाही. जागा बधिर करून ती वरून उघडली आणि आतला पू वाट करून बाहेर काढला. दाढेतला ठणका असतो तो बंद जागेत कोंडलेल्या दाबाचा. वाट मिळाली की माणसाचा चेहरा लगेच बदलतो, तसा आजींचा बदलला. ईसीजी ठीक आला, हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

काढायचा दिवस मुद्दाम वासी उत्तरायणानंतरचा, म्हणजे सणाचा दुसरा दिवसही उलटल्यावरचा, ठेवला, आणि सकाळचा. अशा पेशंटची दाढ संध्याकाळी किंवा सुट्टीच्या तोंडावर काढू नये. रक्त यायचं असेल तर पहिल्या काही तासांत येतं, आणि तेव्हा दवाखाना उघडा हवा, मी तिथे हवी.

त्या सकाळी आजी पोहे खाऊन, चारही गोळ्या घेऊन आल्या. खुर्चीत बसल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, आधी सांग काय काय होणार ते. मला कळलं की मी घाबरत नाही."

मग सगळं सांगत सांगतच काम केलं. आधी हिरडीला बधिर करणारं जेल. मग सुई. खालच्या दाढेसाठी ती मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला द्यावी लागते, कारण त्या बाजूच्या दातांची संवेदना नेणारी नस तिथे हाडात शिरते. सुई टोचते, नाही असं नाही. पण औषध सावकाश सोडलं तर पुष्कळ सुसह्य होतं. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने जागेवरच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल टिकते. आजींच्या हृदयाकडे बघून त्याचं प्रमाण मी मर्यादेतच ठेवलं. सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून बघितल्याशिवाय तर औषध सोडतच नाही. पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. "ओठ सुजलाय का गं?" हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात. सुजलेला नसतो, तसा वाटतो.

यानंतरची गोष्ट आधी सांगितली नाही तर लोक घाबरतात. भूल दुखणं थांबवते, दाब थांबवत नाही. जबडा ढकलला जातोय, कुणी जोर लावतंय, हे सगळं कळतं. कानाशी कट्ट असा आवाज येतो. तो आवाज हाड मोडल्याचा नसतो. दात हाडाला चिकटवलेला नसून बारीक तंतूंनी बांधलेला असतो, आणि ते तंतू सुटताना किंवा तुकडा वेगळा होताना आवाज येतो. लोक "दात उपटला" म्हणतात, पण उपटत कुणीच नाही. रोवलेला खुंटा इकडेतिकडे हलवून सैल करतात, तसा दात बाहेरच्या आणि आतल्या बाजूला सावकाश हलवायचा, की भोवतालचं हाड थोडं प्रसरण पावतं आणि तो वाट देतो. आजींना मी सांगितलं, "दाब लागला तर लागू द्या. टोकदार दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." एकदा त्यांनी हात वर केला. थांबले, थोडं औषध आणखी दिलं. पू झालेल्या जागी ऊतींमध्ये आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भूल नीट चढत नाही, म्हणून असं होऊ शकतं.

दाढ दोन भागांत निघाली, प्रत्येक भागाला एकेक मूळ. मागच्या मुळाच्या टोकाला चार-पाच मिलिमीटरची लालसर पिशवी लटकत होती. एक्स-रेतली सावली ती हीच. खड्डा हलक्या हाताने साफ केला, गॉजची घडी ठेवून दाबून धरायला सांगितलं.

वीस मिनिटांनी बघितलं, रक्त झिरपतच होतं. धार नव्हती, पण थांबलंही नव्हतं. याचीच तयारी करून ठेवली होती. खड्ड्यात विरघळणारा जिलेटिनचा स्पंज बसवला, त्यावर आठाच्या आकड्यासारखा टाका घेतला, रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेली गॉज त्यावर ठेवली आणि घड्याळ लावून पुन्हा अर्धा तास दाबून ठेवायला सांगितलं. मधेमधे उघडून बघायचं नाही, हे आजींना आणि सुनेला दोघींनाही बजावलं. अर्ध्या तासाने गॉज उचलली. खड्ड्यात गर्द लाल गुठळी बसलेली होती, कडेने ओल नव्हती. तरी तासभर बाहेर बसवून ठेवलं, आणखी एकदा बघितलं, मगच घरी जाऊ दिलं.

त्या गुठळीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं, तिच्यातूनच जखम भरून येते. म्हणून पहिले 24 तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, तंबाखू-विडी तर अजिबात नाही. गुठळी निघून गेली तर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि ते दाढेच्या मूळ दुखण्यापेक्षा वाईट असतं. खायला कोमट खिचडी, मऊ भात, दही, तेही दुसऱ्या बाजूने. भूल उतरेपर्यंत, म्हणजे काही तास, काहीच नाही, नाहीतर ओठ किंवा जीभ चावली जाते. घरात उंधियू, म्हणजे सणाची मिश्र भाजी, उरला होता असं सून म्हणाली. तो चार दिवस आजींच्या ताटात नको म्हणून सांगितलं. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल दिलं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि हृदयाच्या पेशंटला त्या एरवीही बऱ्या नाहीत.

रात्री साडेनऊला सुनेचा फोन आला. "मॅडम, तोंडभर रक्त येतंय."

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला. वाटीत गुलाबी पाणी होतं. लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी ते खूप दिसतं, ही पहिली गोष्ट तिला सांगितली. मग कळलं, संध्याकाळी कुणीतरी मीठपाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि आजींनी त्या केल्या. मीठपाणी चांगलंच असतं, पण दुसऱ्या दिवसापासून. गॉज दिलेली होती. ती घडी करून बरोबर खड्ड्यावर ठेवायची, आजींना ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही, अर्धा तास घट्ट चावून धरायचं आणि बोलायचंही नाही. "थांबलं नाही तर मी क्लिनिक उघडते, तिकडेच या," असं सांगून मी कपडे बदलून बसले. दहा वाजून गेल्यावर मेसेज आला: थांबलं. फोटोही होता. खड्ड्यात गुठळी जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी गाल थोडा सुजला, तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली निळसर डाग उतरला. या गोळ्यांवर असं होतं, आठवड्याभरात पिवळा पडून जातो. सून रोज फोटो पाठवत होती. गोळ्यांची वेळ आता तिने स्वतःकडे घेतली होती, आणि आजींनी त्यावर काही कुरकुर केली नाही.

टाका काढायला आल्या तेव्हा खड्ड्याच्या कडा गुलाबी होत्या, तळाशी नवीन ऊती दिसत होत्या. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आत हाड भरायला काही महिने लागतात. तोवर फट मोकळी राहिली तर चालेल, पण कायमची तशी ठेवू नये. शेजारच्या दाढा तिकडे कलतात, वरची दाढ खाली उतरू लागते. आजींना काढता-घालता येणारा दात नको होता आणि इम्प्लांटची, म्हणजे हाडात कायमचा बसवायच्या दाताची, एवढ्यात घाई नव्हती. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून वर्षानंतर बघू, असं ठरलं.

उठता उठता त्यांनी वरच्या उजव्या बाजूला बोट लावलं. "हीसुद्धा सळसळते गं. पण वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात."

दातांची नस वेगळी आणि डोळ्यांची वेगळी, दाढ काढल्याने नजरेला काही होत नाही, हे मी चित्र काढून समजावलं. दात पडायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच असतं, म्हणून लोकांनी ही सांगड घातली असावी. आजींनाही अलीकडे धुरकट दिसत होतं, म्हणून डोळे तपासून घ्या म्हटलं. वरच्या दाढेचा एक्स-रे काढला. ती काढायची गरज नाही, रूट कॅनल पुरेल, आणि त्यासाठीही गोळ्या चालूच ठेवायच्या, असं त्यांच्या फाइलवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. आजींनी ती फाइल उघडून स्वतः वाचली आणि म्हणाल्या, "हे मी समोरच्या माजींनाही वाचून दाखवते. त्यांचा दीर अजून त्या गोळ्या घेतो की नाही, विचारायला हवं."