दुसऱ्याच्या नावावर सुरू झालेला लॅपटॉप

नवीन लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून देणं हे आमच्या धंद्यात फुकटचं काम, विक्रीबरोबर द्यायचं. म्हणून बऱ्याच ठिकाणी ते उरकलं जातं. बिल होईपर्यंत काउंटरवरचा पोरगा मशीन चालू करतो, विंडोज ११ इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नाही, मागे माणसं ताटकळलेली. मग पोरगा स्वतःचंच खातं टाकतो, पिन १२३४ आणि मशीन पिशवीत. हे किती महागात पडतं ते मध्यंतरी एका मुलीच्या लॅपटॉपवर पाहिलं.

ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, लॅपटॉप दुसऱ्या शहरातून घेतलेला. आदल्या रात्री बायॉसचं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट आलं, मशीन बंद होऊन परत चालू झालं ते थेट निळ्या पडद्यावर: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. "दादा, अख्खं प्रोजेक्ट यातच आहे, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

आजकालच्या बहुतेक नव्या मशिनींवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप बिटलॉकरचं कुलूप लागतं. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडी नंबर, तो त्या खात्यात ऑनलाइन जमा होतो. एरवी त्याची गरज पडत नाही. बायॉस किंवा मदरबोर्ड बदलला की मशीनला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं काही चोराच्या हाती लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि मला ती हवीच वाटते. पण किल्ली हरवली तर मालकालाही दार बंद. मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणं एवढंच उरतं.

विंडोज ११च्या २०२४मधल्या २४एच२ आवृत्तीपासून त्या पडद्यावर किल्ली कोणत्या खात्यात आहे त्याचा अर्धवट झाकलेला ईमेल दिसतो. मी तिला तो वाचायला लावला. पहिलीच अक्षरं तिच्या नावाची नव्हती. मग तिला आठवलं, सी ड्राइव्हमध्ये यूझर्सच्या आत एका भलत्याच नावाचं फोल्डर होतं. तिला ते कंपनीचं वाटायचं. खात्याच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं त्या फोल्डरला लागतात, म्हणजे विक्रेत्याच्या पोराचं नाव ती रोज बघत होती.

दुकानात फोन केला. मालक म्हणाले, तो पोरगा काम सोडून गेला. नंबर द्यायला तयार नव्हते, शेवटी मुलीचे वडील बोलले तेव्हा दिला. नशीब, पोरगा सरळ होता आणि जुनं सिम त्याच्याकडेच होतं. ओटीपी आला, खातं उघडलं, किल्ल्यांची यादी समोर आली आणि तो गप्पच झाला. "दादा, खाली सरकवतोय तरी संपत नाहीये." त्याने सुरू करून दिलेली सगळी मशिनं त्या यादीत होती, तीही डेस्कटॉप आणि पुढे आकडे-अक्षरं अशा नावांनी. ओळखायचं कसं? निळ्या पडद्यावर की आयडी, म्हणजे किल्लीचा ओळख क्रमांक असतो, त्याची पहिली आठ अक्षरं मी वाचली, त्याने ती यादीत शोधली. मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट, तो सांगतोय आणि मुलगी टाकतेय. एका गटात आकडा चुकला, तो पुन्हा घेतला. विंडोज उघडलं तेव्हा तिने पहिल्यांदा खुर्ची ओढून बसून घेतलं.

आधी प्रोजेक्ट बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवलं. मगच तिचं खातं टाकलं, त्याला अ‍ॅडमिन केलं, जुनं काढलं, कुलूप उघडून पुन्हा लावलं आणि नवी किल्ली तिच्याच खात्यात गेली हे तिच्या मोबाइलवर तिच्याकडूनच तपासून घेतलं. तुमचंही मशीन दुकानातून सुरू होऊन आलं असेल, तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून वर कुणाचा ईमेल आहे ते आजच बघा.

त्याच संध्याकाळी एक निवृत्त सर नवीन लॅपटॉप घ्यायला आले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, त्यांचं जुनं मशीन ११ घेत नव्हतं. "तूच टाक काहीतरी, मी तोवर भाजी घेऊन येतो," म्हणाले. मी त्यांना बसवलं. त्यांचा जीमेल, त्यांचाच मोबाइल, पिन टाकताना मी तोंड फिरवलेलं. वेळ गेला, पण प्रत्येक पानावर आपण काय मान्य करतोय ते त्यांनी चष्मा सावरून वाचलं. जाहिरातींसाठीची परवानगी त्यांनी स्वतः बंद केली. मराठी फोनेटिक कीबोर्ड टाकून दिला, किल्लीची प्रिंट बिलाला टाचली.

पुढे त्या पोराचा फोन आला. जुने मालक आणि तो मिळून बिलबुकं काढून गिऱ्हाइकांना कळवताहेत. काहींचे नंबर बदललेत, त्यांचं काय करायचं, असं विचारत होता. मी म्हटलं, खातं बंद करू नकोस आणि त्या सिमला रिचार्ज मारत राहा.