‘डि’ची वेलांटी अखेर जागेवर

काल रात्री पावणेबाराला, ‘आर’ या संगणकभाषेत मी काढत असलेल्या पावसाच्या आलेखावर ‘डिचोली’ हा शब्द (गोव्यातलं गाव) धड उमटला. गेले ९ दिवस त्यातला ‘ड’ उघडाबोडका आणि त्याची वेलांटी शेजारच्या ‘च’च्या डोक्यावर, असा तमाशा चालू होता.

मागच्या वेळी पीडीएफमध्ये मराठीच्या जागी नुसते ठिपके येत होते, आठवत असेल. ते केरो पीडीएफने (आरमधला पीडीएफ काढायचा दुसरा मार्ग) मिटलं, माझ्या उबुंटू संगणकावर तरी. पण वाचनालयातल्या फलकासाठी पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, हवी होती आणि तिथं घोडं अडलं. ‘पर्जन्यमान’चं ‘पर्‌ जन्‌ यमान’ झालं, पाय मोडलेले सगळे उघड्यावर. आधी फॉन्टवर संशय घेतला. मुक्ता काढला, नोटो सान्स देवनागरी घातला, पुन्हा मुक्तावर आलो. दोघेही बिचारे निर्दोष. (आलेखाच्या आसावरच्या बारीक अक्षरांना मला मुक्ताच आवडतो.)

कारण असं: ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते, दिसते मात्र आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं फॉन्टमधले नियम वाचून हार्फबझसारखं इंजिन करतं. मी वापरत होतो ते आरचं अक्षरं काढायचं पॅकेज, शोटेक्स्ट, त्या भानगडीत पडत नाही, एकेक अक्षराकृती उचलून ओळीने मांडत जातं. इंग्रजीला तेवढं पुरतं. चित्र काढणारं दुसरं पॅकेज, रॅग, हार्फबझ वापरतं.

हे चौथ्या दिवशी कळलं. लगेच आलेख फाइलीत उतरवणाऱ्या जीजीसेव्हला रॅगचं डिव्हाइस दिलं आणि वेलांटी तरीही ‘च’च्याच डोक्यावर! आरस्टुडिओत (आर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) ग्राफिक्सचं बॅकएंड एजीजी करून पाहिलं, पॅकेजं पुन्हा बसवली, मशीन दोनदा बंद-चालू केलं. शेवटी रिकाम्या सेशनमध्ये तीन ओळींचा आलेख काढला, तर तो बरोबर! म्हणजे चोर घरातलाच. मग स्क्रिप्ट अर्धी-अर्धी बंद करत गेलो आणि २२व्या ओळीवर सापडला: शोटेक्स्ट ऑटो. गेल्या पावसाळ्यात मीच घातलेली ओळ, शेजारी माझीच टीप, ‘ही काढू नये’. ती चालू असली की डिव्हाइस रॅगचं असलं तरी अक्षरं शोटेक्स्टच काढतं. म्हणजे पाच दिवस मी रॅगला उगाच शिव्या दिल्या.

भाचा म्हणाला, “मामा, एक्सेलात दोन मिनिटांचं काम.” असेल. ७ वर्षांच्या पावसाचे ७ आलेख एकाच मापावर एकाखाली एक लावून दाखव म्हटलं, तर चहा प्यायला गेला.

आता महिन्यांचा क्रम. आसावर ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर असे उभे आहेत, युनिकोडच्या हिशेबाने अगदी शहाण्यासारखे. फॅक्टरला लेव्हल्स दिल्या, म्हणजे क्रम हाताने सांगितला, की सुटेल, पण हे लिहिता लिहिता वाटलं, महिने हवेत कशाला? आई कधी ‘जुलैचा तिसरा आठवडा’ म्हणत नाही, ‘म्हातारा लागला’ म्हणते, म्हणजे पुष्य नक्षत्र. नक्षत्रंच घालतो. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ला, मग तरणा (पुनर्वसू), म्हातारा, थेट हस्तापर्यंत. १३-१४ दिवसांचा गाळा म्हणजे महिन्यापेक्षा बारीक आणि रोजच्या आकड्यांइतका काटेरी नाही. गोव्यात मान्सून साधारण ५ जूनच्या सुमाराला येतो, म्हणून रोहिणीही घ्यावं लागेल. शिवाय सकाळी ८:३०चं माप हे आदल्या २४ तासांचं असतं, तेव्हा नक्षत्र लागल्या दिवशीचं माप बहुतेक आधीच्याच्या खात्यात टाकायला हवं. बार चार्ट रद्द. नक्षत्रं आडवी, वर्षं उभी, चौकोनात रंग.

आणि रंगाचा अर्थ? हवामान खात्याच्या पायऱ्या घेणार होतो: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६पासून अतिजोरदार, २०४.५पासून अत्यंत जोरदार. पण त्या एका दिवसाच्या पावसाच्या, पंधरवड्याच्या बेरजेला लावल्या तर अख्खा तक्ता गडद निळा होईल. म्हणून चौकोनाचा रंग त्या नक्षत्रातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा आणि बेरीज आकड्यात. इंद्रधनुषी रंगपट्टी कोणी सुचवू नका, नुसता निळा चढत जाईल.

एक काम राहिलंय. ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या मापकावरच्या रेघा दुसऱ्याच पावसाळ्यात पुसल्या, मार्करने पुन्हा ओढायच्या आहेत. दुकानाने पैसे परत केले नाहीत, ‘उन्हात ठेवू नका’ असं कळवलं. पर्जन्यमापक!

झोपण्याआधी चाचणी म्हणून शीर्षकात नुसतं ‘आर्द्रा’ टाकलं. रफार वर, रकार खाली, काना शेवटी. तीनशे टक्के मोठं करून बघत बसलो.