आमची वाटचाल : डिस्क मेली नव्हती

२००३ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाला दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पाटीवर ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली संगणकप्रणाली) लिहिलं असतं तर गिऱ्हाइकांना कळलं नसतं. पण मी पहिल्या दिवसापासून लिनक्सवालाच. रेड हॅट ९ या लिनक्सच्या तीन सीड्या, एक स्क्रू ड्रायव्हर सेट, एक मल्टिमीटर आणि डिस्क जोडायच्या, आयडीई या जुन्या पद्धतीच्या चपट्या केबलांचा गठ्ठा, एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली.

पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे उद्यमनगरातले अण्णा. त्यांचं लेथचं वर्कशॉप. बिलिंगचं मशीन मी बसवून दिलं होतं. २००७ ला फेडोरा ७ हे लिनक्स आलं आणि डिस्कशी बोलणाऱ्या जुन्या आयडीई ड्रायव्हरच्या जागी लिबएटीए हा नवा ड्रायव्हर बसला, तशा एचडीए नावाच्या डिस्का एका अपग्रेडमध्ये एसडीए झाल्या. अण्णांच्या मशीनवर एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, मी हाताने एचडीए५ लिहिलेलं होतं. मशीन अर्ध्यावर थांबलं. दोन दिवस त्यांच्या केबिनमध्ये बसून मी ते सोडवलं आणि डिस्कच्या नावाऐवजी लेबल लावून दिलं. त्या दोन दिवसांत अण्णांनी एकदाही दुसऱ्या कुणाला फोन केला नाही. दुपारी घरून माझ्यासाठीही डबा यायचा. तेव्हापासून आजपर्यंत त्यांचं एकही मशीन दुसऱ्याच्या हातात गेलेलं नाही.

त्या दिवसापासून एसडीए-एसडीबी या नावांवर मी विश्वास ठेवत नाही. ही नावं डिस्का चालवणारे कंट्रोलर ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने पडतात, एक कार्ड वाढवलं की बदलतात. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या त्या भागावरच कोरलेला स्वतंत्र ओळख-नंबर, लिहा. आज इन्स्टॉलर ते आपणहून लिहितो, तरी अजून कुणाकुणाच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये एसडीबी१ दिसतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

पुढची अकरा-बारा वर्षं एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांवर, नीट गेली.

मग २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरकरांना त्यातलं काही सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पेट्रोल नाही, वीज नाही, नळाला पाणी नाही. आमच्या गाळ्यात कमरेच्या वर पाणी होतं. शेजारच्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती विरघळत होत्या, चतुर्थी महिन्यावर आलेली.

आमच्याकडे त्या वेळी एका पतसंस्थेचं काम होतं. नाव लिहीत नाही. सर्व्हर टेबलाखाली फरशीवर. तो वर उचलून ठेवा म्हणून मी दोनदा लेखी दिलं होतं. पाणी रस्त्यावर आलं त्या रात्री मी आणि आमचा पोरगा गुडघाभर पाण्यातून तिथे गेलो. अख्खं मशीन नेणं शक्य नव्हतं. बॅटरीच्या उजेडात डबा उघडला, दोन्ही डिस्का काढल्या, कुठली कुठल्या पोर्टला होती ते मार्करने लिहिलं, प्लॅस्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत घातल्या आणि घरी आणून तांदळाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या. त्या डिस्कांना पाण्याचा एक थेंब लागलेला नाही. हे मी त्या वेळीही शंभरदा सांगितलं, आजही सांगतो.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला : ठेवीदार घाबरलेत, कसंही करून खतावणी चालू करा. मशीन कुठून आणणार? अण्णांनी सीएडीच्या फाइलींसाठी एक सर्व्हर घेतला होता, त्याच्या जोडीचा दुसरा रिकामा पडून होता. त्यात डिस्का जोडायचं एलएसआय कंपनीचं ९३००-८आय कार्ड. ते एसएएस या सर्व्हरच्या पद्धतीचं, आपल्या डिस्का साध्या साटा पद्धतीच्या; पण एसएएस कार्डावर साटा डिस्क चालते, त्यामुळे अडचण नव्हती. उद्यमनगर कोरडं होतं आणि वर्कशॉपच्या जनरेटरला पुरेल एवढं डिझेल अण्णांकडे होतं. ते दिवसाला मोजून जाळत होते, तरी माझ्यासाठी जनरेटर लावला.

डिस्का बसवल्या, चालू केलं. पतसंस्थेच्या डिस्कवरच्या लिनक्सचा, सेंटओएस ७ चा, मेनू आला, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा उठला आणि पुढे काही नाही. मग ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’ ही ओळ, एकाखाली एक, पडदा भरून. शेवटी ड्रॅकटचा, म्हणजे सुरू होण्याची तयारी करणाऱ्या साधनाचा, उघडा प्रॉम्प्ट, कमांडची वाट पाहणारा. पार्टिशनची यादी मागितली तर रिकामी. डिस्क नावाची वस्तूच कर्नलला दिसत नव्हती.

आणि नेमक्या त्या वेळी संस्थेच्या दोन संचालकांनी एकाला सोबत आणलं. आमच्याच धंद्यातला माणूस, मोठी शोरूम, सहा-सात पोरं हाताखाली. आमची चार गिऱ्हाइकं त्याने आधीच नेली होती. पडद्याकडे पाहून त्याने उभ्या उभ्या सांगितलं, डिस्कमध्ये पाणी गेलंय, डेटा गेला. वर म्हणाला, या डिस्का माझ्याकडे द्या, फॉर्मॅट करून नवीन सिस्टिम टाकून देतो, मागच्या नोंदी पासबुकांवरून भरून घ्या. त्याने एक कमांड चालवली नाही. कार्डाचा नंबर पाहिला नाही. डिस्क हातात घेऊन पाहिली असती तरी कळलं असतं की ती कोरडी ठणठणीत आहे. संचालक माझ्याकडे गुन्हेगारासारखे पाहत होते. तीन रात्री झोप नव्हती, घरी आई आजारी, दुकान पाण्यात, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, गेलं सगळं.

त्या वेळी अण्णा मध्ये आले. म्हणाले, “साहेब, डिस्का माझ्या मशीनमध्ये हायेत. उद्या सकाळपर्यंत माझ्या गेटातनं भाईर जायच्या न्हाईत.” ते लोक गेल्यावर मला म्हणाले, “अरं, जॉब एका लेथवरनं काढून दुसऱ्यावर लावला, चक धरंना. म्हणून काय जॉब मेला? चक बघ आदी.”

चक म्हणजे लेथवर जॉब पकडणारा भाग. त्या वाक्याने डोकं ताळ्यावर आलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि या खेपेला सुरुवातीचा पडदा नीट वाचला. कर्नल उठण्याआधी कार्डाचं स्वतःचं बायोस, म्हणजे त्याच्या आतला छोटा सुरुवातीचा प्रोग्राम, चालतं, ते आपल्याला जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवतं. त्या यादीत दोन्ही डिस्का होत्या. मॉडेल नंबर, साइझ, सगळं. म्हणजे कार्डाला डिस्क दिसतेय आणि कर्नलला दिसत नाही. मधला दुवा एकच, ड्रायव्हर.

ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर हत्यारं मोजकीच असतात. जोडलेल्या कार्डांची यादी देणारी एलएसपीसीआय कमांड तिथे नव्हती. पण सिस फोल्डरात पीसीआयच्या प्रत्येक कार्डाचे व्हेंडर आणि डिव्हाइस नंबर वाचता येतात. वाचले : १००० आणि ००९७. १००० म्हणजे एलएसआय, ००९७ म्हणजे त्यांची एसएएस ३००८ चिप. तिचा ड्रायव्हर एमपीटी३सॅस. तो चढवायला मॉडप्रोब कमांड दिली. उत्तर आलं, असं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, नाही.

आता कारण स्वच्छ झालं. सेंटओएस ७ मध्ये ड्रॅकट जी इनिटरॅमएफएस, म्हणजे डिस्क उघडण्याआधी कर्नलसोबत मेमरीत जाणारी ड्रायव्हरांची छोटी प्रतिमा, बनवतो ती होस्टओन्ली पद्धतीची. म्हणजे ज्या मशीनवर बनवली, त्या मशीनला लागणारे ड्रायव्हरच तिच्यात भरतो. पतसंस्थेचं जुनं मशीन साध्या मदरबोर्डचं, एएचसीआय या साटाच्या नेहमीच्या मोडवर चालणारं. त्याच्या प्रतिमेत एमपीटी३सॅस असण्याचं कारणच नव्हतं. ड्रायव्हर डिस्कवर होता, पण डिस्क उघडायला तोच ड्रायव्हर हवा. किल्ली कुलपाच्या आत.

इंटरनेट नव्हतं. यूएसबी डॉक आणि रेस्क्यूचे पेनड्राइव्ह दुकानात पाण्याखाली. मग मेनूतली शेवटची ओळ आठवली, जिच्याकडे कुणी पाहत नाही : शून्य-रेस्क्यू. इन्स्टॉल करताना ही एक प्रतिमा बनते आणि ती होस्टओन्ली नसते, तिच्यात सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर असतात. ती निवडली. दहा-पंधरा सेकंद पडदा तसाच. मग एसडीए, एसडीबी. पाठोपाठ एमडी०, म्हणजे दोन डिस्का मिळून बनलेली जोडी, जुळलं, दोनपैकी दोन डिस्का जाग्यावर. अण्णा खुर्चीवर डुलक्या घेत होते, त्यांना हलवून उठवलं.

काम तिथे संपलं नव्हतं. रेस्क्यूचा कर्नल इन्स्टॉलच्या वेळचा, आणि नंतरच्या अपडेटमध्ये त्याचं मॉड्यूलचं फोल्डर निघून गेलेलं. त्यामुळे डिस्क दिसली तरी नेटवर्क कार्ड उठेना. इथे पुष्कळ जण चुकतात : ‘ड्रॅकट -एफ’ एवढंच मारतात आणि प्रतिमा बनते ती चालू कर्नलसाठी, म्हणजे रेस्क्यूच्याच. आपल्याला हवी असते सगळ्यात नव्या कर्नलची. म्हणून लिब-मॉड्यूल्सच्या फोल्डरात जाऊन नव्या कर्नलचा पूर्ण आकडा पाहिला, जुनी प्रतिमा दुसऱ्या नावाने बाजूला ठेवली, आणि तो आकडा देऊन, ॲड-ड्रायव्हर्समध्ये एमपीटी३सॅस लिहून नवी बनवली. एलएसइनिटआरडी कमांडने ती उघडून ड्रायव्हर आत बसलाय याची खात्री केली. मगच रीबूट. पहाटे चारला लॉगिन आलं. खतावणी उघडली, शेवटची नोंद पूर येण्याच्या आदल्या संध्याकाळची. एक पैसा इकडचा तिकडे नाही.

सकाळी संचालक आले, रक्कम जुळवून पाहिली, मशीन घेऊन गेले. सहा महिन्यांनी त्यांचा एएमसी कुणाला गेला असेल? त्याच शोरूमवाल्याला. आणि तो आजही गिऱ्हाइकांना सांगतो की पुरात त्या संस्थेचा डेटा त्याने वाचवला. आमचं त्या रात्रीचं बिल अजून येणं आहे. रकमेचं मला काही नाही. पण जो माणूस फॉर्मॅट करायला निघाला होता त्याच्या नावावर ते काम जमा झालं, हे मला अजून सलतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवलं.

दुकान आम्ही त्याच वर्षी राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर हलवलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आमचा एक स्क्रूही भिजला नाही. आता आम्ही चौघं आहोत.

नव्या पोरांना मी सांगतो तेच इथे सांगतो. डिस्क मेली असं म्हणायच्या आधी तीन गोष्टी बघा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, डिस्कची लिंक पुन्हा पुन्हा रीसेट होतेय आणि डिस्क स्वतःची तब्येत लिहिते त्या स्मार्टच्या यादीत १९९ नंबरचा सीआरसी चुकांचा आकडा वाढतोय, तर आधी केबल बदला, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. ५ (बदललेले खराब सेक्टर) आणि १९७ (संशयित सेक्टर) वाढत असतील तर मात्र डिस्क खरंच जातेय, सगळ्यात आधी कॉपी काढा. मशीन बरेच दिवस बंद राहून उठत नसेल तर मदरबोर्डचा सेल बघा. सीआर२०३२ संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, साटाचा मोड एएचसीआयवरून रेड (अनेक डिस्का एकत्र बांधण्याची पद्धत) किंवा आयडीईवर जातो आणि कर्नलला डिस्क दिसत नाही. लोक त्यावर नवी डिस्क घेऊन येतात! आणि जिथे मशीन बदलण्याची वेळ येऊ शकते तिथे ड्रॅकटच्या सेटिंगमध्ये होस्टओन्ली ‘नो’ करून ठेवा. प्रतिमा थोडी मोठी होते, होऊ दे. डेबियन हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांना ही काळजी कमी, तिथे मॉड्यूल्सचं सेटिंग मुळातच ‘मोस्ट’, म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर, असतं. ‘डेप’ (फक्त त्याच मशीनपुरते) केलंत तर मात्र तोच खड्डा.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. तेव्हापासून आमचं निम्मं काम म्हणजे जुनी मशीनं पुढच्या आवृत्त्यांवर नेणं. सेंटओएस ज्यावर बेतलेलं, त्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून कितीतरी जुन्या एसएएस आणि रेड कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकलेत. त्यामुळे गिऱ्हाइकाला तारीख देण्याआधी आम्ही एलएसपीसीआयला ‘एनएनके’ लावून प्रत्येक कार्डाचे दोन्ही नंबर वहीत लिहून आणतो. काढलेल्यांत असेल तर असे ड्रायव्हर पुरवणाऱ्या एलरेपोची ड्रायव्हर डिस्क आधी बनवून चाचणी घेतो, नाहीतर कार्ड बदलायला सांगतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद अण्णांच्या सर्व्हरची आहे : १०००, ००९७, एमपीटी३सॅस. संस्थेकडून मशीन परत आल्यावर अण्णांनी ते विकलं नाही. आता त्यावर त्यांच्या वर्कशॉपचं बिलिंग चालतं. गेल्या महिन्यात मी ते नवव्या आवृत्तीवर नेलं, आणि दुपारी डबा त्यांच्याकडूनच आला.