पॉवरफुल की टेक्निकल: मिडफिल्डर निवडताना

हॅट्रिक या ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेममध्ये खेळाडूचं कौशल्य ट्रेनिंगनं वाढतं, स्पेशालिटी (पॉवरफुल, टेक्निकल, क्विक असा त्याचा खास गुण) मात्र तो घेऊनच आलेला असतो; ती कधी बदलत नाही. स्वीडनमध्ये 1997 साली सुरू झालेला हा गेम मुळात संथ. आठवड्याला ट्रेनिंगचा एकच प्रकार लावता येतो आणि खेळाडूचं वर्ष 112 दिवसांचं, म्हणजे एका सीझनचं. आज घेतलेला पोरगा कित्येक सीझन आपल्याकडे राहणार, म्हणून प्लेमेकिंगसाठी, म्हणजे मधल्या फळीतून खेळ रचायला, नवा मुलगा घेताना मी भरपूर वेळ घेतला.

वय आधी पाहिलं. 17 वर्षं 5 दिवस आणि 17 वर्षं 100 दिवस यांत जवळजवळ एका सीझनचं ट्रेनिंग जातं. मग स्पेशालिटी. अनप्रेडिक्टेबल लगेच बाजूला ठेवला: तो अचानक गोल मिळवून देतो, पण मधल्या फळीत त्याच्या चुकीतून समोरच्यालाही संधी मिळते. हेडवाला, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्यात पटाईत, कॉर्नरला कामाचा, पण टेक्निकल खेळाडू त्याला चकवून जातो. क्विक मला मनापासून आवडतो. पण त्याचा खेळ पावसातही उतरतो आणि कडक उन्हातही. समोर क्विक बचावपटू असला तर त्याची धाव तिथेच अडते.

राहिले दोघे. टेक्निकल उन्हात चढतो, पावसात उतरतो. पॉवरफुलचं बरोबर उलट. डिचोलीला पावसाळ्यात चिखलातली मॅच पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पाणी साचलं की नाजूक पायांचं काही चालत नाही, अंगानं भक्कम पोरगा चेंडू राखतो. पण गेममध्ये आपला जून-जुलै चालत नाही. बाहेरच्या मॅचला यजमानांच्या विभागाचं हवामान, म्हणून केवळ पावसाच्या भरवशावर पॉवरफुल घेणं मला पटेना.

म्हापशाचा माझा मावसभाऊ हाच गेम खेळतो. तो म्हणाला, "टेक्निकलच घे रे. हेडवाले सगळ्या टीमांत असतात, आणि पुढं त्याला डिफेन्सिव्ह फॉरवर्ड करता येतो." दोन्ही मुद्दे खरे होते. टेक्निकल डिफेन्सिव्ह फॉरवर्डच्या (थोडं मागे येऊन खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूच्या) पासिंगला गेम जास्त वजन देतो, आणि विकतानाही असा खेळाडू पडून राहत नाही.

मी शेवटी माझ्या टीमकडे पाहिलं. आम्ही 3-5-2 खेळतो: मध्ये पाच, पुढं दोन, बचावात तिघंच. पॉवरफुल इनर मिडफिल्डरला (मधल्या फळीत मधोमध खेळणाऱ्याला) डिफेन्सिव्ह सूचना दिली की तो समोरच्याचा हल्ला मधेच मोडू शकतो. त्यात त्याचं प्लेमेकिंग थोडं कमी उपयोगाला येतं, पण तिघांच्या बचावापुढं असा माणूस हवाच, असं माझं ठाम मत झालं. शिवाय प्रेसिंगची, म्हणजे दोन्ही टीमांच्या संधी कमी करणारी, टॅक्टिक लावली तर पॉवरफुल खेळाडूचं डिफेंडिंग दुप्पट धरलं जातं. मजबूत मिडफिल्डच्या टीमशी गाठ पडली की मला हाच उपाय लागतो. टेक्निकल मुलाकडून त्या जागी यातलं काहीच मिळालं नसतं.

पॉवरफुल घेतला. टेक्निकल इनर मिडफिल्डर माझ्याकडे आधीच एक आहे, त्यामुळे ऊन-पाऊस दोघांत वाटला जातो. आता प्रश्न त्याच्या डिफेंडिंगचा. ते पूर्ण वेगानं शिकवायचं तर त्याला काही काळ बचावफळीत खेळवावं लागेल. प्लेमेकिंग मनासारखं झाल्याशिवाय मी त्याला मधल्या फळीतून हलवणार नाही.