भुसावळचं ऊन, वरणगावचा ओटा आणि 'प्रचंड'

मे महिन्यात भुसावळला जायचं म्हटलं की नाशिकची माणसं आधी डोक्यावर हात मारतात. मी मात्र मुद्दाम मेच निवडला. नाशिक रोडजवळच्या गांधीनगरात लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी संस्था आहे. तिथली हेलिकॉप्टरं लहानपणापासून डोक्यावरून जाताना बघत आलोय आणि हा नाद अजून सुटलेला नाही. वरणगावला मामा राहतात, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी आर्मी एव्हिएशनमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी केलेले एक सुभेदार आहेत. आपल्या 'प्रचंड'सारख्या लढाऊ हेलिकॉप्टरांबद्दल इतकं वाचल्यावर या दोघांशी निवांत बसून बोलायचं होतं.

मनमाड, चाळीसगाव, पाचोरा. खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं, पावसाची वाट बघणारी. जळगाव मागे पडलं तेव्हा डब्यातला वारासुद्धा भाजायला लागला होता. भुसावळला उतरून रिक्षात बसलो. रिक्षावाल्या भाऊंनी विचारलं, "कुठी जाऊन राह्यले भाऊ, एवढ्या उन्हात?" वरणगाव म्हटल्यावर त्यांनी आधी पाण्याची बाटली पुढे केली, मग रिक्षा सुरू केली. रस्त्याच्या कडेला केळीच्या बागा लागल्या, उन्हाचा मारा अडवायला बांधावर हिरव्या जाळ्या लावलेल्या. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता.

कारखान्याच्या आत अर्थातच जाता येत नाही. भिंत, फाटक आणि पहारा, एवढंच बाहेरून दिसतं. इथे रायफलची काडतुसं बनतात, ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची. शेजारच्या भुसावळच्या कारखान्याने दारूगोळ्याच्या पेट्या बनवल्या, पुढे पिनाक रॉकेटं ठेवायचे पॉडही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. मामींनी शेवभाजी केली होती, तिखट म्हणजे अस्सल खान्देशी. जेवता जेवता सुभेदारांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिलीने आलेख काढला. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर हेलिकॉप्टरला उचलता येणारं वजन, आणि प्रत्येक उंचीसाठी खाली झुकत जाणारी एक वक्ररेषा. "आज भुसावळला पंचेचाळीस धरा," म्हणाले आणि त्या आकड्यापासून सरळ वर रेघ ओढली. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा साधारण दहा टक्के विरळ असते. पात्याला धरायला हवा कमी, इंजिनाला खायलाही कमी. मग वैमानिकाला ठरवावं लागतं, रॉकेटं घ्यायची की इंधन. "आपलं रुद्र असो की अमेरिकेचं अपाची, या रेघेपुढे कुणाचं चालत नाही."

उंचीवरही हवा अशीच विरळ, आणि ही रेघ आपल्याला कारगिलने दाखवली. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग शिखरावर हल्ला करायला गेलेलं एमआय-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पडलं, आतले चौघेही गेले. ते मुळात वाहतुकीचं हेलिकॉप्टर, त्याला रॉकेटं लावून पाठवलं होतं. हल्ल्यासाठीच बनलेली आपली एमआय-२५ आणि एमआय-३५ तेवढ्या उंचीवर कामाचीच नव्हती. त्यातून एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, हलकं लढाऊ हेलिकॉप्टर आलं. पहिलं उड्डाण २९ मार्च २०१० ला, बंगळुरूत. पुढे ते सियाचीनमध्ये ४,७०० मीटरवर ५०० किलो भार घेऊन उतरलं आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला 'प्रचंड' या नावाने हवाई दलात आलं. हे वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

मामांनी मध्येच विचारलं, "मग बाहेर का नाही विकत?"

याचं उत्तर लांबलचक आहे. दक्षिण आफ्रिकेचं रूईफाल्क १९९० मध्ये उडालं. यंत्र उत्तम, पण बनली फक्त बारा आणि परदेशात एकही गेलं नाही. तुर्कस्तानने इटलीच्या मँगुस्ता हेलिकॉप्टरवरून टी-१२९ उभं केलं, २०१८ मध्ये पाकिस्तानशी तीस हेलिकॉप्टरांचा करार केला. पण त्याच्या इंजिनात अमेरिकेचा वाटा होता आणि अमेरिकेने परवाना दिलाच नाही. करार गेला. फिलिपिन्सला मात्र तेच यंत्र मिळालं. 'प्रचंड'ची वीस मिलिमीटरची तोफ फ्रान्सची, रॉकेटं बेल्जियमची, मिस्त्राल क्षेपणास्त्र युरोपच्या एमबीडीए कंपनीचं, आणि शक्ती इंजिन बंगळुरूत बनत असलं तरी फ्रेंच कंपनीबरोबर विकसित केलेलं. गिऱ्हाईक आपल्या दारात आलं तरी होकार एकट्या दिल्लीचा पुरणार नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. इक्वाडोरने एचएएलची सात ध्रुव हेलिकॉप्टरं घेतली, त्यातली चार पडली, २०१५ मध्ये त्यांनी करारच रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडल्यावर देशभरातली ध्रुव जमिनीवर ठेवावी लागली. स्वॉशप्लेट, म्हणजे वैमानिकाच्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी तबकडी, तिच्यात दोष निघाला.

मामा हे ऐकून गप्प झाले, मग आपल्या कामाचं सांगायला लागले. काडतुसाचं पितळी आवरण बोटांत फिरवून उजेडात बघायचं, तोंडापाशी केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला. प्रत्येक पेटीवर लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांच्या गटाचा, नंबर. सैनिकाने तक्रार केली की एकट्या काडतुसाचा विचार होत नाही, अख्खा लॉट थांबतो. "रावेरची केळी दुबईला जातात ना, तसंच. एक कंटेनर पिकून निघाला की पुढच्या वर्षी फोन येत नाही." तांदलवाडीची २२ टन केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, ते त्यांना तोंडपाठ होतं.

मला मामांचं पूर्ण पटलं. लढाऊ हेलिकॉप्टर घेणारा देश पुढची तीसेक वर्षं सुटे भाग, दारूगोळा आणि दुरुस्ती आपल्याकडूनच मागणार. रात्री दोन वाजता तिकडच्या तंत्रज्ञाला उत्तर द्यायला आपला माणूस हवा. जाहिरातीच्या पुस्तिकेत हे छापत नाहीत, पण दुसरी ऑर्डर यावरच येते.

रात्री दोघांचा वाद चांगलाच रंगला. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, ६२,७०० कोटींचा. ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला. पुरवठा तिसऱ्या वर्षापासून, पुढे पाच वर्षं. मामांचं म्हणणं, त्यातली चार-दोन आधीच बाहेर द्या, नाव तरी होईल. अर्जेंटिनाने रस दाखवलाच आहे, अँडीज पर्वतात हे यंत्र शोभेलही. सुभेदार ऐकेनात. आधी आपल्या पोरांच्या हाती पाच-सात वर्षं चालू द्या, बिघडू द्या, दुरुस्त होऊ द्या, मग त्या नोंदींची वही गिऱ्हाइकापुढे ठेवा. मी सुभेदारांच्या बाजूने बोललो. मामा म्हणाले, "तू नाशिकचा, तुला धंदा कळायचा नाही," आणि उठून सगळ्यांसाठी माठातलं पाणी घेऊन आले.